काच धुरकट झाली तर?

नोव्हेंबरात बर्नाबीत पाऊस लागला की लागलाच. साडेचारला दिवे लावायची वेळ होते. अशाच एका संध्याकाळी आम्ही लॉहीड हायवेवरच्या एका शोरूममध्ये गाडी बघायला गेलो. विक्रेता मुलगा मोठ्या हौसेने डॅशबोर्डवरची भलीमोठी स्क्रीन आणि तिच्यातला नकाशा दाखवत होता. मी त्याला एवढंच विचारलं, "समोरची काच आतून धुरकट झाली, तर काय दाबायचं?" त्याने आधी खालच्या पट्टीत पंख्याचं चित्र शोधलं, मग एक पान उघडलं आणि त्या पानात काचेचं चित्र हुडकलं. मी मनात सात आकडे मोजले. गाडी उभी होती म्हणून ठीक. किंग्जवेवर ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने सात सेकंदांत गाडी जवळजवळ शंभर मीटर पुढे जाते.

माझे बाबा सांगलीहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटातून फियाट न्यायचे. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की बाबांची नजर रस्त्यावर खिळलेली असे आणि हात न बघता दिव्याच्या खटक्यावर जाई. डॅशबोर्डवर मोजक्या चार-पाच गोष्टी होत्या, पण प्रत्येकीची जागा हाताला पाठ होती. गुळगुळीत काचेवर हाताला काहीच पाठ होत नाही. तिथे प्रत्येक वेळी बघावंच लागतं, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

ती माझ्या एकटीची नाही. २०२२ मध्ये स्वीडनच्या 'व्ही बिलेगारे' या मासिकाने अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्व्हो ताशी ११० किलोमीटरने चालवून बघितल्या. सीट गरम करणं, रेडिओ लावणं अशी रोजची चार कामं चालकाला दिली होती. बटणांच्या जुन्या व्होल्व्होत ती दहा सेकंदांत झाली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीत ४४.६ सेकंद लागले आणि तेवढ्यात ती १,३७२ मीटर धावली होती! अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा अशी, की रस्त्यावरून नजर एका वेळी दोन सेकंदांहून जास्त हटू नये आणि एका कामासाठी सगळी मिळून बारा सेकंदांहून जास्त हटू नये. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी 'युरो एनकॅप' ही संस्थाही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींसाठी खरीखुरी बटणं किंवा दांडे आहेत की नाहीत हे बघून गुण देते.

स्क्रीनच नको, असं मात्र म्हणता येत नाही. मे २०१८ पासून कॅनडात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, म्हणजे त्याचं चित्र दाखवायला स्क्रीन आलीच. नकाशा तर त्याहून जुना. होंडाने १९८१ मध्ये जपानात गाडीत नकाशा बसवला, तेव्हा त्याला उपग्रहाचा आधार नव्हता. गाडी किती वळली आणि किती चालली, यावरून फिल्मवरच्या नकाशात जागा दाखवली जाई. पुढे १९९० मध्ये माझ्दाच्या युनोस कॉस्मोत जीपीएस आलं.

ती जुनी युक्ती आजही कामाला येते. बर्नाबीहून हायवे १ ने उत्तरेला निघालं की कॅसियार बोगदा लागतो आणि त्यातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर आयर्नवर्कर्स पूल. बोगद्यात उपग्रहाचा संदेश पोचत नाही. चाकांच्या फेऱ्या मोजणारा गाडीतला नकाशा तिथे फोनपेक्षा कमी चुकतो. डोंगरात फोनला रेंज नसते, तिथे गाडीत साठवलेला नकाशा चालूच राहतो. पण फोनमध्येही निघण्याआधी नकाशा उतरवून घेता येतो, आणि गाडीतला नकाशा ताजा ठेवायला पुढे अनेकदा पैसे मोजावे लागतात. रोजच्या शहरी फेऱ्यांसाठी फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दिसला की पुरे, असं माझं मत झालं.

आमच्या रोजच्या वाटेवर विलिंग्डन अव्हेन्यू आहे. मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकले. मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड विलिंग्डन पुढे १९२६ मध्ये कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले, त्यामुळे हे नाव दोन्हीकडे भेटतं. नकाशातली बाई "टर्न लेफ्ट ऑन विलिंग्डन" म्हणाली की मला अजून बरं वाटतं. ऐकून गाडी चालवता येते, हा नकाशाचा मोठा गुण. म्हणून आवाज लहानमोठा करायला हाताशी गोल नॉब हवा.

आमच्या लेकीच्या गाडीमागे अजून नवशिक्या चालकाची हिरवी 'एन'ची पाटी असते. ब्रिटिश कोलंबियात अशा चालकांना फोन हात न लावतासुद्धा वापरता येत नाही. बाकीच्यांनीही नकाशात पत्ता निघण्याआधीच भरायचा. गाडी चालवताना फोन हातात सापडला तर ३६८ डॉलर दंड आणि चार पॉइंट. लेक कॉलेजला सायमन फ्रेझर विद्यापीठात जाते, बर्नाबी माउंटनच्या माथ्यावर. खाली पाऊस असतो तेव्हा वर बर्फ असू शकतं. काच धुरकटते ती याच चढावर, आणि हातात लोकरीचे मोजे असतात. गाडीतली स्पर्शाची स्क्रीन बोट टेकल्याने विजेच्या भारात होणारा बदल ओळखते. साधा लोकरीचा मोजा मध्ये आला की तिला बोट कळतच नाही.

शेवटी आम्ही एक पायरी खालचं मॉडेल घेतलं. त्यात स्वतःचा नकाशा नाही. स्क्रीन लहान आहे, पण तिच्याखाली काच साफ करण्याचं वेगळं बटण आहे, पंख्याला आणि आवाजाला नॉब आहेत. घेण्याआधी लेकीला चालकाच्या सीटवर बसवलं, मोजे घालायला लावले, डोळे मिटायला सांगितले आणि एकेक काम सांगत गेले. काचेचं बटण तिला दुसऱ्या खेपेला सापडलं.

तुम्हीही गाडी बघायला जाल तेव्हा उन्हाच्या रविवारी जाऊ नका. पावसात, अंधार पडल्यावर जा आणि ज्याला ती रोज चालवायची आहे त्याला सोबत न्या.