साथीचा माग

साथरोगांच्या अभ्यासकाचें उभें आयुष्य तीन प्रश्नांभोंवतीं फिरत असतें. रोग कोणाला झाला, कोठें झाला, केव्हां झाला?

नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरचेंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २००६ मध्यें तेथील कोंबड्यांत रोगाची साथ आली. भोपाळच्या प्रयोगशाळेनें ती 'बर्ड फ्ल्यू'ची असल्याचा निर्वाळा दिला. भारतांत ही साथ प्रथमच आढळली होती. आतां प्रश्न होता माणसांचा. घरोघर तापकऱ्यांची चौकशी झाली, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु-संस्थेकडे गेले. एकाही माणसाला लागण झाल्याचें आढळलें नाहीं. परंतु लाखों पक्षी मारावे लागले, कुक्कुटपालकांचा धंदा बसला.

म्हणूनच, श्रोतेहो, संशोधकाचा निर्णय अचूक हवा आणि वेळेवरही हवा. उशीर झाला तर साथ पसरते. चूक झाली तर निष्कारण संसार उघड्यावर पडतात.