शितावरून भाताची परीक्षा: चारशे लोकांना विचारून पाच लाखांचं मत कसं कळतं?

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल फिरायला लागतात. दोन तासांत पाचशे-हजार मतं पडतात आणि ग्रुपवाले निकालही जाहीर करून टाकतात. दुसरीकडे एखादी संशोधन संस्था जेमतेम चारशे लोकांना भेटते, आणि तरी तिचा आकडा जास्त भरवशाचा मानला जातो. आता आपला कामठी विधानसभा मतदारसंघ घ्या. इथे मतदार सुमारे पाच लाख. त्यात चारशे म्हणजे किती? हजारात एकसुद्धा नाही! मग हे पुरतं कसं?

हे काम करतं कोण?

भारतात या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे दिल्लीची सीएसडीएस. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये ही संस्था सुरू केली. तिचा 'लोकनीती' हा उपक्रम निवडणुकांच्या काळात देशभर सर्वेक्षणं करतो. पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर त्याचे सहसंचालक राहिले आहेत. इथे प्रश्न फक्त 'मत कुणाला?' एवढाच नसतो. रोजगार, महागाई, सरकारी कामाचा अनुभव, प्रचारसभेला गेलात का, हेही विचारतात. २०२४ च्या लोकसभेआधी त्यांनी १९ राज्यांत सुमारे दहा हजार लोकांशी बोलून पाहणी केली. त्यात ६२ टक्के लोकांनी नोकरी मिळणं अवघड झाल्याचं सांगितलं.

लोक निवडतात कसे?

खरी गंमत इथे आहे. समजा, एका बूथच्या यादीत १००० नावं आहेत आणि आपल्याला २० जण हवेत. १००० ला २० ने भागलं की ५० येतात. आता १ ते ५० मधला एक आकडा रँडम काढायचा. समजा १७ आला. मग यादीतला १७ वा, ६७ वा, ११७ वा असं शेवटपर्यंत जायचं. यादी साधारण घरांच्या क्रमाने असते, त्यामुळे नावं आपोआप सगळ्या मोहल्ल्यांत विखुरतात. कुठले बूथ घ्यायचे तेही असंच ठरतं.

म्हणजे कुणाला विचारायचं हे सर्वे करणाऱ्याच्या हातात राहत नाही. यादीतली बाई कामावर गेली असेल तर संध्याकाळी परत जायचं. 'शेजारचे काका घरीच आहेत, त्यांनाच विचारू' म्हटलं की नमुना बिघडला. कारण दुपारी घरी असणारे आणि कामावर असणारे एकसारखा विचार करतीलच असं नाही.

मग आकडा किती मोठा हवा?

निवड खरोखर रँडम असेल तर ढोबळ हिशोब असा:

- ४०० लोक: चूक सुमारे ५ टक्के इकडे-तिकडे
- १००० लोक: सुमारे ३ टक्के
- १०,००० लोक: सुमारे १ टक्का

(शंभरातल्या ९५ वेळा खरा आकडा या पट्ट्यात असतो. बूथ निवडून काम केलं की चूक थोडी वाढते.)

लोकसंख्या पाच लाख असो की पाच कोटी, हा हिशोब जवळपास तोच राहतो. शितावरून भाताची परीक्षा होते, मग पातेलं केवढंही असो. अट एकच, शीत फक्त वरवरचं नको.

उलटं उदाहरण अमेरिकेचं. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली आणि अंदाज निघाला लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोन आणि गाडी असलेल्यांचे. त्यातही ज्यांना वाटलं त्यांनीच उत्तर पाठवलं. आपला व्हॉट्सअ‍ॅप पोल हाच प्रकार आहे.

शेजारच्या रामटेकचा धडा

ऑगस्ट २०२५ मध्ये लोकनीतीचे सहसंचालक संजय कुमार यांनी एक्सवर लिहिलं की, २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांच्या दरम्यान रामटेक विधानसभा मतदारसंघातले मतदार सुमारे ३८ टक्क्यांनी घटले. दोन दिवसांत त्यांनी पोस्ट काढली, माफी मागितली आणि आकड्यांच्या ओळी चुकीच्या वाचल्याचं सांगितलं. पुढे गुन्हे दाखल झाले, आणि सुप्रीम कोर्टाने त्या कारवाईला स्थगिती दिली.

लक्षात घ्या, हे सर्वेक्षण नव्हतं. दोन तक्ते शेजारी ठेवून केलेली तुलना होती. विधानसभेच्या यादीत कामठीचा क्रमांक ५८ आणि रामटेकचा ५९. एका तक्त्यात एक ओळ जरी सरकली, तरी एका गावाचा आकडा दुसऱ्यासमोर येऊन बसतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तक्ते ओळीच्या जागेवरून जोडायचे नसतात, मतदारसंघाच्या क्रमांकावरून जोडायचे असतात.

सर्वे दिसला की हे तपासा

१. लोक कसे निवडले? यादीतून, की ज्याने लिंक उघडली तो?
२. किती जण, आणि कुठले? देशभरातल्या दहा हजारांवरून एकट्या कामठीचं मत कळत नाही.
३. प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारला?
४. पैसे कुणी दिले?

आणि कधी तुमच्याच दाराशी कुणी प्रश्नावली घेऊन आलं, तर आधी ओळखपत्र बघा आणि मग वीस-पंचवीस मिनिटं द्या. नाव, मत गुप्त राहणार का, हेही विचारा. तुम्ही दार लावून घेतलं तर तुमच्यासारख्या हजारभर लोकांचं म्हणणं त्या आकड्यात येत नाही.