निळवंड्याची त्रेपन्न वर्षे : विलंबाचा हिशेब कसा मांडावा?

प्रवरा नदीवरील निळवंडे धरणाची कल्पना 1970 सालची. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले 26 ऑक्टोबर 2023 रोजी. पाण्याची बातमी ऐकली तेव्हा जो शेतकरी वीस वर्षांचा होता, तो कालवा वाहू लागला तेव्हा त्र्याहत्तरीत पोचला होता. खर्च सुमारे 8 कोटींवरून 5177 कोटींवर गेला. हे दोन आकडे शेजारी ठेवून एक निष्कर्ष सर्रास काढला जातो : स्थानिकांनी अडवले म्हणून उशीर झाला आणि उशिरामुळे खर्च वाढला. हा निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे.

आधी पैसा पाहू. महागाई सरासरी वर्षाला आठ टक्के धरली, तर त्रेपन्न वर्षांत किमती साधारण एकोणसाठ पट होतात. म्हणजे 8 कोटींचे सुमारे 470 कोटी होतील. उरलेली वाढ नुसत्या महागाईने समजत नाही. तिची कारणे बदललेला आराखडा, कालव्यांची व्याप्ती, जमिनीचा मोबदला आणि मुळात तोकडा धरलेला अंदाज यांत शोधावी लागतात. शिवाय पहिला अंदाज ज्या धरणाचा होता, ते धरण बांधलेच गेले नाही. तेव्हाची जागा होती अकोले तालुक्यातील म्हाळादेवी.

म्हाळादेवीला विरोध का झाला, हे समजायला भंडारदऱ्यापर्यंत मागे जावे लागते. 1926 साली पुरे झालेले हे धरण अकोल्यातच आहे. पण त्याचे पाणी नदीने खाली जाऊन संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते. खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, कारखाने आले. अकोल्याच्या वाट्याला बुडीत जमीन आली. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरली. दुसऱ्या धरणात खोऱ्यातली उरलीसुरली सुपीक जमीन जाणार म्हटल्यावर लोक उठले. त्यांच्या मागण्या मोजक्या होत्या : बुडीत कमी करा, आधी पुनर्वसन करा आणि आमच्या उंचावरच्या जमिनींनाही पाणी द्या. धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला, निळवंड्याला सरकली. साठा ठरला 8.32 टीएमसी. तालुक्यासाठी उच्चस्तरीय कालवेही योजनेत आले.

पण स्थानिक म्हणजे फक्त अकोलेकर नव्हेत. डाव्या कालव्याच्या 85 किलोमीटर लांबीवर सात तालुक्यांतली 182 गावे अवलंबून आहेत. सहा तालुके नगर जिल्ह्यातले आणि एक नाशिकमधला सिन्नर. पाऊस कमी, विहिरी उन्हाळ्यात आटणाऱ्या. प्रकल्पाच्या भाषेत अकोलेकर ‘बाधित’ आणि ही गावे ‘लाभक्षेत्र’. बाधितांचे नुकसान निदान मोजले जाते, त्याला मोबदल्याचा दर असतो. वाट पाहणाऱ्याच्या नुकसानाला मात्र कोणत्याही फायलीत रकाना नाही. न निघालेली पिके, मुंबई-पुण्याला गेलेली मुले, टँकरवर गेलेले उन्हाळे यांची बेरीज कोणी करत नाही.

म्हणून विलंब एकसंध न धरता कारणांनुसार वेगळा करायला हवा. जागा बदलण्यात गेलेला काळ हा त्यातला एक भाग. त्याच्या बदल्यात सुपीक जमीन वाचली. निधीअभावी रेंगाळलेला काळ हा दुसरा. त्याच्या बदल्यात कोणालाच काही मिळाले नाही. तिसरा भाग सर्वांत बोचणारा : भिंतीमागे पाणी साठू लागले तरी कालवे तयार नव्हते, म्हणून वर्षानुवर्षे ते नदीपात्रातूनच खाली सोडले गेले. कालव्यांचा सुरुवातीचा टप्पा अकोल्यातूनच जातो. तिथे पुन्हा जमिनीचा प्रश्न उभा राहिला, कारण धरणाची वाटाघाटी झाली तरी कालव्याची राहिली होती. दरम्यान 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आला आणि तुटीच्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे बंधन प्रत्यक्षात येऊ लागले. मराठवाड्याची तहानही खरीच आहे. पण लाभक्षेत्राला पहिले आवर्तन मिळण्याआधीच त्याच्या पाण्याला नवा वाटेकरी आला होता.

निळवंड्याच्या अनुभवातून मला एवढे दिसते की लोकांचे ऐकण्यात गेलेली वर्षे आणि ऐकायचे टाळल्यामुळे गेलेली वर्षे एकाच खात्यावर मांडता येत नाहीत. जागा, पुनर्वसन, कालव्याची जमीन आणि पाण्याची वाटणी हे चारही प्रश्न भूमिपूजनाआधी एकत्र बसून सोडवले असते, तर काही वर्षे तेव्हाही लागली असती. पण ती सुरुवातीला, एकदाच लागली असती. पुढच्या धरणाच्या अंदाजपत्रकात वाट पाहणाऱ्या गावांचे वार्षिक नुकसान आणि बुडणाऱ्या गावांचे कायमचे नुकसान समोरासमोर छापावे. मग घाई कोणासाठी आणि थांबायचे कोणासाठी, हे दोन्हीकडच्या लोकांना निदान वाचून कळेल.