एक अंधार, दोन निदानं

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्या इमारतीत जो तो गॅलरीत येऊन समोरच्यांकडे वीज आहे का ते बघत होता. (समोरही नसली की आम्हाला बरं वाटतं.)

मला खटकलं ते पुढचं. १ मार्च २०२१ला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपाताची शक्यता दिसते. लगेच तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, चूक माणसाची, हल्ल्याचा पुरावा नाही. लोकांनी कुणाचं ऐकायचं?

यंत्रणा नव्हती असं नाही. वीज, बँका, दूरसंचार यांच्या संगणकांच्या रक्षणासाठी २०१४पासून ‘एनसीआयआयपीसी’ आहे. एरवीच्या सायबर हल्ल्यांसाठी ‘सर्ट-इन’. ‘शॅडोपॅड’ या घुसखोर प्रोग्रॅमचा इशारा सर्ट-इननं नोव्हेंबर २०२०मध्येच दिला होता, असं ऊर्जा मंत्रालय सांगतं. २०२२पासून तर हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत सर्ट-इनला कळवणं सक्तीचं आहे.

पण वीज वाहून आणणारी महापारेषण राज्याची, इशारे देणारे दिल्लीचे. रात्रपाळीच्या इंजिनिअरला काही संशयास्पद दिसलं, तर त्यानं आधी फोन कुणाला करायचा? माझ्या मते सगळ्या समन्वयाची परीक्षा इथेच होते.