पाटणचेरूची जमीन कोण दुरुस्त करणार?

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूरची तहान भागवून कर्नाटकमार्गे तेलंगणात उतरते. तिथे संगारेड्डीच्या परिसरात तिला नक्कावागु नावाचा ओढा मिळतो. हैदराबादच्या वायव्येकडच्या पाटणचेरू आणि बोल्लारम या औद्योगिक वसाहती याच ओढ्याच्या पाणलोटात आहेत. सत्तरच्या दशकापासून तिथे कारखाने वाढत गेले. त्यांत औषधांचा कच्चा माल बनवणारे पुष्कळ होते. काठच्या गावांच्या विहिरी, बोअर आणि भातखाचरं नासली. पाटणचेरूतले डॉ. किशन राव गावकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. 1990 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुढे शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, गावांना पिण्याचं पाणी बाहेरून आलं. पैसे हातात पडले, तरी विष जमिनीतच होतं.

याच काळात, 1992 मध्ये, तेव्हाच्या आंध्र सरकारने स्वीडनच्या मदतीने हैदराबादेत पर्यावरण संरक्षण प्रशिक्षण व संशोधन संस्था स्थापन केली. ईपीटीआरआय या नावाने ती ओळखली जाते. 1994 मध्ये पाटणचेरूत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू झालं. शिक्षण आणि यंत्रणा दोन्ही हाताशी आल्या होत्या.

2007 मध्ये योकिम लार्सन आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी या केंद्राच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे 90 औषधनिर्मात्यांचं सांडपाणी तिथे येत होतं, दिवसाला साधारण 15 लाख लिटर. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडलं. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही त्याचं प्रमाण इतकं नसतं. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसले जातात, आणि ते पाटणचेरूपुरते थांबत नाहीत. असं का झालं, याचं उत्तर साधं आहे. अशी केंद्रं पाण्यातला सेंद्रिय भार उतरवण्यासाठी बांधतात. प्रतिजैविकांसाठी मानकच नव्हतं, आणि जे मोजायला सांगितलेलं नाही ते कुणी मोजत नाही. नंतर 18 किलोमीटरची वाहिनी टाकून हे पाणी अंबरपेटच्या मैलाशुद्धीकरण केंद्राकडे, म्हणजे मुसी नदीच्या बाजूला, वळवण्यात आलं. नक्कावागुचा भार हलका झाला असेल, पण याला सफाई म्हणायला माझं मन तयार नाही.

पाण्याची प्रक्रिया आणि नासलेल्या जमिनीची दुरुस्ती या दोन वेगळ्या विद्या आहेत. आपल्याकडे पहिली बऱ्यापैकी शिकवली जाते. दुसरीचा पहिला धडा भूगर्भाचा. हैदराबाद ग्रॅनाइटवर बसलं आहे. वर मातीचा पातळ थर, खाली कुजलेला खडक, त्याखाली भेगा. प्रदूषित पाणी या भेगांमधून वाट काढतं, त्यामुळे एका बोअरचं पाणी खराब आणि शेजारच्याचं बरं, असं सहज घडतं. नमुना घेण्याआधी बोअरमध्ये साचलेलं पाणी उपसून टाकावं लागतं, नाहीतर प्रयोगशाळा खडकातलं नव्हे, पाइपातलं पाणी तपासते. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत संपते. शेतात उन्हात पंप लावून उभं राहिल्यावर ती अंगवळणी पडते.

मग उपाय. काही द्रावकं आणि तेलं जिवाणू खाऊन संपवू शकतात, त्यांना हवा आणि नत्र-स्फुरद पुरवावं लागतं. शिसं मात्र कुठलाही जिवाणू संपवू शकत नाही. ते उचलून सुरक्षित भरावात न्यावं लागतं किंवा जागीच बांधून ठेवावं लागतं. क्रोमियमचं तिसरंच. त्याचं पाण्यात विरघळणारं घातक रूप लोहाच्या क्षारांनी कमी विरघळणाऱ्या रूपात बदलता येतं. हैदराबादच्या दक्षिणेकडील काटेदान वसाहतीत राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना मातीत शिसं, क्रोमियम, जस्त असं सगळंच वाढलेलं आढळलं. तिथे एकच औषध कसं चालेल? त्याच भागातला नूर मोहम्मद कुंटा हा तलाव, 2010 मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या साहाय्याच्या प्रकल्पात, सफाईच्या प्रात्यक्षिकासाठी निवडला गेला होता.

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. तेव्हा देशभरात अशी 103 स्थळं नोंदली होती आणि काम फक्त सात ठिकाणी सुरू झालं होतं. आता स्थळं शोधण्याची जबाबदारी राज्यांवर आली आहे. ती पेलायला माणसं लागतील, आणि ती तयार करायला हैदराबादसारखी जागा नाही. ईपीटीआरआय इथे आहे, भूभौतिकी संस्था इथे आहे, नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं केंद्र इथे आहे. कोरडवाहू शेतीवर काम करणारी इक्रिसॅट तर 1972 पासून पाटणचेरूतच आहे. प्रशिक्षणाचा वर्ग सभागृहातून उठवून नक्कावागुच्या काठी भरवावा, आणि तो निदान एक पावसाळाभर चालावा, कारण पावसाआधीचे आणि पावसानंतरचे आकडे वेगळे येतात. काठच्या गावांतल्या मुलामुलींना मानधन देऊन त्यात घ्यावं. त्यांच्या विहिरींचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तेलुगूत लागावेत, कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता.