रातांब्याचीं कलमें व आमसुलें

रातांब्यांत नर व मादी झाडें बहुधा निराळीं असतात. बीपासून केलेल्या रोपांपैकीं सुमारें निम्मीं नर निघतात, व ही गोष्ट फूल येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षें, कळत नाहीं. तोंवर सारा मात्र भरावाच लागतो! याकरितां मादी झाडाचीं कलमेंच लावावीं. परागाकरितां दहा झाडांत एक नर पुरे. दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीचीं फळें पावसापूर्वीं उतरतात, हा मोठा लाभ होय. कारण पावसांत सांपडलेलें फळ सडतें व सोलें वाळत नाहींत. पक्व फळ फोडून साल वेगळी करावी. गर व बियांत मीठ घालून सुटलेल्या रसांत साली बुडवून उन्हांत वाळवाव्या. असें चार-पांच वेळां केल्यानें आमसुलें काळींभोर होतात. बिया फेंकूं नयेत. त्यांचें तेल टांचांच्या भेगांवर लावतात.