पिनेवरचं तीन रुपयांचं सोनं

हेडफोनच्या खोक्यावर ‘गोल्ड प्लेटेड’ ही अक्षरं बहुधा सोनेरी शाईतच छापलेली असतात. त्या सोन्याचं वजन काढायला सोनाराचा काटा लागत नाही, शाळेतलं गणित पुरतं. पिन ३.५ मिलिमीटर जाडीची आणि १४ मिलिमीटर लांबीची. तिचा पृष्ठभाग भरतो साधारण दीड चौरस सेंटिमीटर. स्वस्त पिनेवरचा मुलामा ०.१ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. सोन्याची घनता १९.३. सगळ्याचा गुणाकार केला की सोनं येतं ०.३ मिलिग्रॅम. ग्रॅमचा भाव दहा हजार रुपये धरला, तर ऐवज तीन रुपयांचा.

आता या तीन रुपयांनी आवाज सुधारतो का? वीज वाहून नेण्यात सोनं पहिलं नाही, दुसरंही नाही. धातूंची रोधकता मोजण्याच्या एककात चांदीचा आकडा १.५९, तांब्याचा १.६८ आणि सोन्याचा २.४४ आहे, आकडा जितका लहान, तितकी वीज सुखाने वाहते. साध्या, चंदेरी दिसणाऱ्या पिनांवर असतं ते निकेल, आणि त्याचा आकडा जवळपास ७. म्हणजे सोनं निकेलपेक्षा सरस खरं, पण हा फरक मायक्रॉनभर जाडीच्या थरातला. विजेला तो थर ओलांडायला लागतो तो वेळ आणि होणारा अडथळा, दोन्ही हिशेबात धरण्याजोगे नाहीत.

हिशेबात धरायचा तो पिन आणि सॉकेट जिथे टेकतात तिथला रोध. स्वच्छ पिनेत तो काही शतांश ओहम असतो. तो ०.०३ ओहम धरा. हेडफोनचा स्वतःचा रोध ३२ ओहम. या जोडीत आवाज घटतो तो एका डेसिबलच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आणि आवाज वाढला की कमी झाला हे कानाला कळायला साधारण एक डेसिबलचा फरक लागतो. शिवाय हेडफोनच्या बारीक वायरचा रोध अर्धा-एक ओहम सहज असतो. म्हणजे पिनेच्या कितीतरी पट अडथळा त्या दीड हात वायरीतच बसलाय, आणि तिच्यावर कुणी सोनेरी अक्षरं छापत नाही. सोनेरी पिनेमुळे ‘बास’ भरदार झाला किंवा गायिकेचा आवाज उजळला असं कुणी सांगितलं, तर ते ऐकणाऱ्याच्या मनात घडलंय. पिनेत नाही.

यातला कळस म्हणजे ऑप्टिकल केबल. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या या केबलमधून वीज जातच नाही, प्रकाश जातो. तरी तिच्याही टोकांना सोन्याचा मुलामा देऊन ती जास्त किमतीला विकली जाते. तिथे सोनं केवळ शोभेचं.

मग सिमकार्डवर, कॉम्प्युटरच्या मेमरीच्या कडेवर, जिथे ग्राहकाचं लक्षही जात नाही अशा ठिकाणी कंपन्या सोनं का लावतात? कारण सोनं गंजत नाही, आणि विजेच्या जोडणीत हा गुण वाहकतेपेक्षा मोलाचा ठरतो.

दोन धातू एकमेकांना टेकले की ते सगळ्या पृष्ठभागावर टेकलेत असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अगदी गुळगुळीत धातूवरही सूक्ष्म उंचवटे असतात आणि वीज जाते ती फक्त जिथे उंचवटे उंचवट्यांना भिडतात त्या मोजक्या ठिपक्यांतून. रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात या ठिपक्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि विद्युत जोडण्यांचं शास्त्रच उभं राहिलं. आता त्या ठिपक्यांवर गंजाचा पापुद्रा चढला तर? तांब्यावर ऑक्साइड चढतं. चांदी ही सर्वांत चांगली वाहक, पण हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने पैंजण जसे काळे पडतात तशी चांदीची पिनही पडते. निकेलवरही पातळ ऑक्साइड असतंच. सोन्यावर यांपैकी काहीच चढत नाही.

घरातल्या इस्त्रीच्या पितळी पिनांना या पापुद्र्याचं काही वाटत नाही. तिथे २३० व्होल्ट असतात, ते त्याला फोडून पलीकडे जातात. हेडफोनमध्ये मामला वेगळा. नेहमीच्या आवाजात गाणं ऐकताना पिनेवरचा विद्युतदाब जेमतेम १०-२० मिलिव्होल्ट असतो, तंबोऱ्याच्या मंद झंकाराला त्याहूनही कमी. एवढ्याशा दाबाला पापुद्रा फोडता येत नाही. मग खरखर सुरू होते, एका कानातला आवाज जातो, आणि पिन सॉकेटमध्ये गोल फिरवण्याचा आपला राष्ट्रीय उपाय लागू पडतो. तो लागू पडण्याचं कारणही शास्त्रीय आहे: घासल्याने पापुद्रा खरवडला जातो आणि धातू पुन्हा धातूला भिडतो.

याच बिघाडातली एक गंमत अनेकांनी अनुभवली असेल. कधी कधी गाण्यातला गायकच नाहीसा होतो आणि नुसतं वाद्यवृंदाचं संगीत, तेही विहिरीतून आल्यासारखं, ऐकू येतं. पिनेवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले भाग असतात: टोक डाव्या कानासाठी, त्यानंतरचं कडं उजव्या कानासाठी, आणि एक भाग दोघांच्या परतीच्या सामाईक वाटेसाठी. ही सामाईक जोडणी तुटली की दोन्ही कानांतले स्पीकर एका ओळीत जोडले जातात आणि त्यांतून ऐकू येते ती डाव्या-उजव्या आवाजांमधली फक्त वजाबाकी. गायकाचा आवाज बहुतेक ध्वनिमुद्रणांत दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. फुकटचं कॅराओके!

म्हणजे सोन्याने आवाज चांगला होत नाही, तो बिघडण्याची वेळ लांबते. पण किती लांबते हे ठरतं सोन्याच्या जाडीवर, आणि ती खोक्यावर छापलेली मी तरी पाहिलेली नाही. औद्योगिक दर्जाच्या जोडण्यांवर ०.७६ किंवा १.२७ मायक्रॉनचा थर देतात. तोही शुद्ध सोन्याचा नव्हे, कारण शुद्ध सोनं मऊ. दागिन्यात तांबं मिसळावं तसं इथे किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळून ते कठीण करतात. त्याच्याखाली निकेलचं अस्तर असतं. ते नसेल तर खालचं तांबं आणि जस्त वर्षानुवर्षांत सोन्यातून झिरपत वर येतं.

०.१ मायक्रॉनच्या मुलाम्याला मात्र सूक्ष्म छिद्रं असतात. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत किंवा व्यायाम करणाऱ्याच्या घामात ही छिद्रं महाग पडतात. ओलावा आत शिरला की वरचं सोनं आणि खालचा हलका धातू मिळून एक चिमुकला विद्युतघट तयार होतो आणि त्यात बळी जातो खालच्या धातूचा. सोन्याखालून वर येणारे हिरवट डाग ते हेच. रोज आत-बाहेर होणाऱ्या पिनेचा थर घासूनही जातो. काही काळाने सोनेरीतून चंदेरी डोकावू लागतं ते निकेल. आणि पिन कितीही सोन्याची असली तरी सॉकेटमधली पट्टी कळकट असेल, तर जोडणी कळकटच राहते. माझ्या मते, कमी किमतीच्या हेडफोनमध्ये चोख निकेलची पिन नावापुरत्या सोन्यापेक्षा बरी. स्टुडिओंमध्ये निकेलच्या पिना सर्रास वापरात आहेत.

तसंही बहुतेक हेडफोन पिनेच्या गंजाने मरत नाहीत. वायर पिनेत शिरते त्या जागी वाकून वाकून आतल्या तारा तुटतात. त्यामुळे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हेडफोन घ्यायला गेलात, तर ती जागा आधी वाकवून पाहा. तिथे लवचीक रबरी बाही आहे का, वायर बदलता येते का, हे विचारा. पिन खरखरू लागली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा, आणि सॉकेटमध्ये खिशातला कापूस अडकलाय का तेही बघा. सँडपेपर मात्र लावू नका. तीन रुपयांचं सोनं त्याच्या पहिल्याच फटक्यात जातं, पाठोपाठ निकेलही, आणि खालचं पितळ उघडं पडतं.